एका घरात, एकाच रात्री

डास चावल्याची खाज तासाभरात विसरायला होते. घामोळ्यांची खाज वारा लागला की निवते. पण दिवसा जेमतेम जाणवणारी खाज रात्री पांघरुणात अंग ऊबदार झालं की पेटते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, बेंबीभोवती, जांघेत झोपेतसुद्धा नखं चालत राहतात, आणि दोन-तीन आठवड्यांत घरातलं आणखी कुणीतरी तशीच तक्रार करू लागतं. असं झालं की सगळ्यात आधी खरजेचा विचार करायला हवा. रात्रीची खाज आणि एकाहून अधिक माणसं, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर अनुभवी डॉक्टर कातडी बघण्याआधीच मनाशी अर्धं निदान करून ठेवतात.

खरूज होते ती सारकॉप्टीस स्केबिआय नावाच्या जीवामुळे. आपण त्याला खरजेचा किडा म्हणतो. त्याला आठ पाय असतात आणि तो गोचीड, कोळी यांच्या गोतावळ्यातला आहे. मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, नर तिच्या निम्म्याने. चांगल्या नजरेच्या माणसाला मादी जेमतेम एक पांढुरका ठिपका म्हणून दिसू शकते. ती कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात बीळ पोखरत पुढे सरकते आणि रोज दोन-तीन अंडी मागे टाकते. तिचं सगळं आयुष्य महिना-दीड महिन्याचं. तीन-चार दिवसांत अंड्यातून सहा पायांची पिल्लं बाहेर येतात, कातडीच्या पृष्ठभागावर चढतात आणि दोनएक आठवड्यांत वयात येतात. बहुतेक पिल्लं मरून जातात. म्हणून सर्वसाधारण निरोगी माणसाच्या अंगावर, तो अंगभर खाजवत असला तरी, प्रौढ माद्या असतात फक्त दहा-पंधरा.

दहा-पंधरा जीवांमुळे सगळं अंग पेटतं, कारण खाज किड्याच्या चालण्याने किंवा चावण्याने येत नाही. किडा, त्याची अंडी आणि त्याची विष्ठा यांच्याविरुद्ध शरीर जी प्रतिक्रिया देतं, ती म्हणजे ही खाज. आणि ती प्रतिक्रिया शिकायला शरीराला वेळ लागतो. आयुष्यात पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. एकदा शरीराला ओळख झाली की पुढच्या खेपेला एक ते चार दिवस पुरतात. या सहा आठवड्यांच्या शांततेकडे मी वाचकाचं विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण खरजेच्या उपचारातलं बहुतेक अपयश तिथेच दडलेलं असतं. ज्याला अजून खाज नाही, तोही किडा दुसऱ्याला देऊ शकतो.

किडा कुठे शोधायचा, हेही ठरलेलं आहे. व्हिएन्नातले त्वचाविज्ञानाचे आद्य अभ्यासक फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी एकोणिसाव्या शतकात या रोगाचा बारकाईने अभ्यास केला. बोटांची बेचकी, मनगटं, कोपर, काखा, स्तनाग्रांभोवतीचा भाग, बेंबी, जननेंद्रियं यांना जोडणारं एक कल्पित वर्तुळ आजही त्यांच्या नावाने शिकवलं जातं. मोठ्या माणसाचा चेहरा आणि डोकं सहसा सुटतं. पुरुषाच्या लिंगावर किंवा अंडकोशावर खाजऱ्या गाठी असतील तर ती मोठी खूण. संकोचापायी अनेकजण ती दाखवतच नाहीत आणि निदान हुकतं. तान्ह्या मुलांचं मात्र वेगळं असतं. त्यांच्या तळहातांवर, तळपायांवर, डोक्यात, चेहऱ्यावरही फोड येतात. त्यांना खाजवता येत नाही. ती फक्त रडतात, दूध नीट घेत नाहीत, झोपत नाहीत.

नेमकी खूण म्हणजे बीळ. पाच-दहा मिलिमीटर लांबीची, राखाडी, नागमोडी, केसासारखी बारीक रेघ, आणि तिच्या एका टोकाला बारीक फुगवटा. सावळ्या कातडीवर ती पटकन दिसत नाही. तेव्हा एक जुनी युक्ती उपयोगी पडते. संशयाच्या जागी फाउंटन पेनची शाई लावायची आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकायची. वरची शाई जाते, बिळात उतरलेली राहते आणि रेघ उमटते. डॉक्टरांकडे डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, असेल तर बिळाच्या टोकाला किड्याच्या पुढच्या भागाचा गडद त्रिकोण दिसतो. बिळावरची कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली किडा, अंडी किंवा विष्ठेचे कण दिसले तर निदान पक्कं. पण दहा-पंधरा किड्यांपैकी एक नेमका पात्याखाली यावा लागतो, त्यामुळे तपासणीत काही सापडलं नाही म्हणून खरूज नाही असं म्हणता येत नाही. पुरळ, त्याच्या जागा, रात्रीची खाज आणि घरातले इतर रुग्ण एवढ्यावर उपचार सुरू करणं योग्यच असतं.

हा जीव रोगाचं कारण आहे, हे वैद्यकाने मान्य करायला लावलेला वेळ मला आजही अस्वस्थ करतो. 1687 साली इटलीतल्या लिव्होर्नो या बंदरात जिओव्हानी कोसिमो बोनोमो हा वैद्य आणि दियाचिंतो चेस्तोनी हा औषधविक्रेता यांनी खरजेच्या फोडातून किडा काढला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याचं आणि त्याच्या अंड्याचं चित्र काढलं आणि हाच खरजेचं कारण आहे असं फ्रांचेस्को रेदी या ख्यातनाम शास्त्रज्ञाला पत्राने कळवलं. अमुक एका सूक्ष्म जीवामुळे अमुक रोग होतो, हे इतक्या स्पष्टपणे मांडणारं हे वैद्यकातलं अगदी सुरुवातीचं लेखन. पण त्यांना हे सुचलं कशावरून? गरीब बायका आपल्या मुलांच्या हातांतून टाचणीने काहीतरी टिपून काढतात, बंदरावरचे गुलाम एकमेकांच्या कातडीतून तेच करतात, हे पाहून. त्या काळचे विद्वान वैद्य मात्र रक्तातल्या दूषित रसांची भाषा सोडायला तयार नव्हते. पोपचे वैद्य लांचिझी यांनी विरोध केला आणि विषय मागे पडला. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं खरूज आतून उद्भवते असंच शिकवलं गेलं. 1834 मध्ये पॅरिसच्या सेंट लुई इस्पितळात सिमों फ्रांस्वा रनुची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर सुईने किडा काढून दाखवला तेव्हा वाद मिटला. ही रीत तो आपल्या बेटावरच्या बायकांकडून शिकला होता. ज्या घरांत हा रोग होता, त्या घरांतल्या बायकांना त्याचं कारण माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

आता दुसरा गैरसमज, जो अजून मिटलेला नाही. खरूज घाणीने होते, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं, आणि म्हणून ती लपवली जाते. खरं पाहता रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही ती होते. साबण-पाण्याने बिळातला किडा निघत नाही. तो पसरतो कातडीला कातडी काही वेळ टेकून राहिल्याने: एका अंथरुणात झोपणं, मूल कडेवर घेणं, हातात हात धरून खेळणं, शरीरसंबंध. उडी मारणं त्याला जमत नाही. रस्त्यात क्षणभर हस्तांदोलन केलं म्हणून तो सहसा जात नाही. जिथे एका खोलीत आठ-दहा माणसं झोपतात तिथे तो रेंगाळतो. ऊसतोड कामगारांच्या कोप्या, वीटभट्टीवरची पालं, वसतिगृहं, तुरुंग, निर्वासितांच्या छावण्या. गरिबीचा आणि खरजेचा संबंध आहे, पण तो जागेच्या टंचाईचा आहे. त्या माणसांच्या स्वच्छतेवर बोट ठेवणं हा अन्याय आहे.

खरूज कातडीच्या स्पर्शाने पसरते, याचा पुरावा दुसऱ्या महायुद्धात मिळाला. ब्रिटनमध्ये सैनिक आणि नागरिक दोघांतही खरूज वाढली होती आणि ब्लँकेटांतून ती पसरते या समजुतीने ब्लँकेटं निर्जंतुक करण्यावर अफाट श्रम आणि पैसा जात होता. केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने शेफिल्डमध्ये एका घरात स्वयंसेवक ठेवले. युद्धात शस्त्र धरायला सदसद्विवेकाने नकार दिलेले हे तरुण होते. ते रुग्णांनी नुकत्याच वापरलेल्या ब्लँकेटांत उघड्या अंगाने झोपले, रुग्णांची न धुतलेली अंतर्वस्त्रं त्यांनी घातली. तरी लागण क्वचितच झाली. रुग्णाशेजारी एकाच बिछान्यात झोपल्यावर मात्र झाली. पहिल्या लागणीत महिनाभर खाज येत नाही, हेही याच तरुणांच्या अंगावर समजलं. महिनोनमहिने उपचार न घेता ते खाज सोसत राहिले. आज डॉक्टर जे दोन मिनिटांत सांगतात, त्यामागे त्यांच्या झोप नसलेल्या रात्री आहेत.

आपल्या घरांत आजही नेमकं उलटं घडताना मी पाहतो. मुलाला खरूज झाली की गोधड्या उकळल्या जातात, गादी फेकली जाते, भिंती धुतल्या जातात, आणि मलम लागतं फक्त त्या एका मुलाला. आजी, जी त्याला कुशीत घेऊन झोपते, तिला खाज नाही म्हणून ती सुटते. पंधरा दिवसांनी मुलाला पुन्हा खाज येते आणि सगळे म्हणतात, औषधाला गुण नाही. औषध बरोबर होतं. ते एका घरात, एकाच रात्री, सगळ्यांनी लावलं नव्हतं.

तर ते कसं लावायचं? सध्याचं पहिल्या पसंतीचं औषध म्हणजे 5 टक्के पर्मेथ्रिनचं क्रीम. रात्री, कोरड्या आणि गार अंगावर, गळ्यापासून पायाच्या तळव्यापर्यंत सगळीकडे. पुरळ दिसतं तिथेच लावलं तर काही साधत नाही. बोटांची बेचकी, नखांखाली, बेंबीत, काखेत, जांघेत, नितंबांच्या मधे, पायाच्या बोटांत, कुठलीही जागा सोडायची नाही. नखं आधी कापून घ्यावीत. पाठीला दुसऱ्याने लावावं. तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने डोळे-तोंड टाळून डोकं आणि चेहऱ्यालाही लावतात. बाळ बोटं चोखत असेल तर हातमोजे घालावे लागतात. मोठ्या माणसाला एका वेळेला साधारण 30 ग्रॅमची ट्यूब लागते, आणि कंजूषी नेमकी इथेच होते. आठ ते चौदा तासांनी अंघोळ. मधे हात धुतले तर हाताला पुन्हा लावायचं. आणि सात ते चौदा दिवसांनी हेच सगळं पुन्हा एकदा, कारण उरल्यासुरल्या अंड्यांतून बाहेर आलेली पिल्लं त्या दुसऱ्या खेपेला मरतात.

मलम लावणं जमण्यासारखं नसेल तर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या आहेत. त्यांचा डोस वजनावर ठरतो आणि त्याही एक-दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा घ्याव्या लागतात, कारण त्या अंड्यांना मारत नाहीत. गरोदर बायकांना आणि 15 किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना त्या सहसा देत नाहीत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी गंधकाचं मलम हा जुना आणि भरवशाचा उपाय. वासामुळे आणि कपड्यांना डाग पडत असल्यामुळे नकोसा वाटतो, पण काम करतो. बेन्झाइल बेन्झोएटचं लोशनही स्वस्त आणि गुणकारी आहे, फक्त खाजवून सोललेल्या कातडीला चरचरतं आणि मुलांसाठी पातळ करून वापरावं लागतं. लिंडेन, म्हणजे गॅमा बेन्झीन हेक्झाक्लोराइड, एके काळी घरोघरी होतं. ते मज्जासंस्थेला अपाय करू शकतं, लहान मुलांत तर अधिकच. त्याहून चांगली औषधं हाताशी असताना ते वापरू नये. अलीकडे पर्मेथ्रिनचा गुण पूर्वीइतका येत नाही अशा तक्रारी काही देशांतून येत आहेत. तरी अपयशाचं कारण शोधताना आधी घरातल्या सगळ्यांनी ते लावलं का, हेच विचारावं.

कपड्यांचं काम सोपं आहे. गेल्या तीन-चार दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल औषध लावण्याच्या दिवशी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून चार दिवस ठेवावं. माणसाच्या अंगाबाहेर किडा साधारण एक-दोन दिवसच तगतो. फवारणीची गरज नाही.

उपचारानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत असतात आणि शरीर त्यांच्यावर प्रतिक्रिया देत राहतं. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो आणि रोज रात्री पर्मेथ्रिन चोपडत बसतो. त्याने कातडी कोरडी पडते, खाज वाढते, आणि तो आणखी चोपडतो. खाज कमी करायची गोळी आणि साधं मॉइश्चरायझर पुरतं. महिन्यानंतरही नवे फोड किंवा नवी बिळं दिसत असतील तरच पुन्हा तपासणी करावी.

काहीजणांच्या मनात मात्र कातडीखाली जीव वळवळत असल्याची खात्री घर करून बसते. ते कातडीचे तुकडे, धागे काडेपेटीत गोळा करून डॉक्टरांना दाखवायला आणतात. तपासणीत काहीच सापडत नाही. या माणसांची तळमळ खरी असते आणि त्यांच्यावर उपचारही असतात. हसणं किंवा झिडकारणं हा त्यांतला नाही.

प्रत्येक खाज खरजेची नसते, हेही लक्षात हवं. लूत भरलेल्या कुत्र्याला कवटाळलं तर हातांवर, पोटावर पुरळ येतं, पण कुत्र्याच्या अंगावरचा वाण माणसाच्या अंगावर प्रजा वाढवू शकत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की माणसाचं पुरळ आपोआप जातं. शहरांतल्या इमारतींत खिडकीच्या छज्ज्यावर कबुतरांचं घरटं असतं. पिल्लं उडून गेली की त्यातले उपाशी माइट, म्हणजे खरजेच्या किड्याच्याच गोतावळ्यातले बारीक जीव, घरात शिरतात आणि चावतात. तिथे घरटं काढणं हाच उपाय. गवता-झुडपांतल्या माइटच्या पिल्लांमुळे स्क्रब टायफस होतो. 2018 मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याने माणसं दगावली. त्यात खाजेपेक्षा ताप महत्त्वाचा, आणि कधी चाव्याच्या जागी काळी खपली दिसते. असा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका मात्र औषधांच्या दुकानात आहे. खाजेवर काहीतरी द्या म्हटलं की नायटा, इसब, खरूज सगळ्यांवर एकच ट्यूब हातात पडते. तिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणूस निश्चिंत होतो. खाली किडे वाढत राहतात. पुरळाचं रूप इतकं बदलतं की जाणत्या डॉक्टरालाही ओळखू येत नाही. शरीराचा प्रतिकार आणखी दडपला गेला, मग ते स्टेरॉइडने असो, एचआयव्हीने असो किंवा अवयवरोपणानंतरच्या औषधांनी, तर खवल्यांची खरूज होऊ शकते. 1848 मध्ये नॉर्वेत डॅनिएलसन आणि बोएक यांनी कुष्ठरुग्णांमध्ये ती पहिल्यांदा नोंदवली. हातापायांवर जाड, राखाडी पापुद्रे, आणि त्यांत हजारो, कधी लाखो किडे. खाज मात्र कमी किंवा अजिबात नाही. वृद्धाश्रमात एका आजोबांच्या पापुद्र्यांकडे कोरडी कातडी म्हणून दुर्लक्ष होतं आणि महिन्याभरात सगळा मजला खाजवू लागतो. अशा रुग्णाला वेगळं ठेवून मलम आणि गोळ्या दोन्ही, अनेक वेळा, द्याव्या लागतात. मेलनबीचा ब्लँकेटांचा निष्कर्षही इथे लागू होत नाही. कपडे आणि बिछान्यातूनसुद्धा इथे लागण होते.

खाजेने माणूस मरत नाही, म्हणून खरूज हलकी समजली जाते. पण खाजवून फुटलेल्या कातडीत जंतू शिरतात, पू होतो. त्यांतल्या स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येऊ शकते. हातांवर पुवाळलेले फोड असलेलं मूल सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी उठलं किंवा त्याची लघवी लालसर झाली, तर थांबू नये. जगात कुठल्याही क्षणी 20 कोटींहून अधिक लोकांना खरूज असते असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि 2017 मध्ये संघटनेने तिला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं.

या निर्णयाला बळ मिळालं फिजीमधल्या एका प्रयोगाने. तिथल्या बेटांवर तीन गट केले. एका गटात फक्त रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना नेहमीप्रमाणे पर्मेथ्रिन; दुसऱ्यात सगळ्या गावाला पर्मेथ्रिन; तिसऱ्यात सगळ्या गावाला आयव्हरमेक्टिन. वर्षभराने पहिल्या गटात खरजेचं प्रमाण 36.6 टक्क्यांवरून 18.8 वर आलं, दुसऱ्यात 41.7 वरून 15.8 वर, आणि तिसऱ्यात 32.1 वरून 1.9 वर. आश्रमशाळा आणि वसतिगृहांसाठी या आकड्यांत स्पष्ट दिशा आहे. खाजवणाऱ्या चार मुलांना रांगेतून बाजूला काढून घरी पाठवण्याऐवजी सगळी मुलं, स्वयंपाकी आणि अधीक्षक यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकाच दिवशी औषध द्यावं, आणि दुसऱ्या खेपेची तारीख त्याच दिवशी फळ्यावर लिहावी. पहिली खेप पूर्ण झाली की दुसऱ्या दिवशी मूल वर्गात बसू शकतं. त्याला वेगळ्या बाकावर बसवायचं काही कारण नाही.